मर्यादेयं विराजते : मजकूर केवढा असावा?

यंदाच्या अंकासाठी लेख मागवणारे पत्र आपल्या मंडळाच्या संपादक समितीने उन्हाळ्यातच पाठवले. विषयाचे बंधन नव्हते, शब्दांचे होते. मराठी लेख हजार शब्दांपर्यंत, इंग्रजी लेख बाराशेपर्यंत. मला मात्र ‘इतिहासाचा लेख आहे, जरा जास्त लागणारच’ असे म्हणून अडीच हजारांची मुभा मिळाली. मुभा मिळाली तेव्हा मनात आले, ही हजाराची रेघ आली कुठून? आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी आजवर आपल्या मजकुराची लांबी ठरवली तरी कशी?

मी चाळीस वर्षे इतिहास शिकवला. दरवर्षी पहिल्याच तासाला कुणीतरी हात वर करून विचारायचे, ‘प्रोफेसर, निबंध किती पानांचा हवा?’ सहकारी प्राध्यापक या प्रश्नाला वैतागत, मी कधी वैतागलो नाही. प्रश्न जुना आहे आणि रास्त आहे. किती लिहायचे हे लिहिणाऱ्याने एकट्याने फार क्वचित ठरवले आहे. कधी ते कागदाने ठरवले, कधी टपालाच्या दराने, कधी छापखान्याच्या रकान्याने, कधी चक्क सरकारने. आपल्या मराठीपुरता हा हिशेब मांडून पाहू.

शब्द मोजण्याची सवय तशी अलीकडची. आमच्या पिढीला ती तारेमुळे लागली. शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ‘आई आजारी ताबडतोब ये’ यात एखादा शब्द गाळता येईल का, हे तार ऑफिसातल्या खिडकीपाशी उभे राहून पाहिले जाई. सणासुदीच्या शुभेच्छांना तर क्रमांकच दिलेले होते. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक होता १. नुसता आकडा सांगायचा, पलीकडे पूर्ण वाक्य छापून मिळायचे. भारतातली ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

त्याआधीच्या पोथ्यांचे माप मात्र शब्द नव्हते, अक्षर होते. बत्तीस अक्षरांचा अनुष्टुभ श्लोक हे एकक, त्यालाच ‘ग्रंथ’ म्हणत. मजकूर गद्य असो की पद्य, एकूण अक्षरांना बत्तिसाने भागायचे आणि येईल ती ग्रंथसंख्या पोथीच्या शेवटी नोंदवायची. नक्कल करणाऱ्याची मजुरी या संख्येवर ठरे. आणखी एक सोय अशी की मधले पान गहाळ झाले किंवा कुणी चार ओळी घुसडल्या तर हिशेब जुळत नसे.

मराठीतले पहिले मोठे गद्य म्हणजे म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्यापाशी होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी त्या लिहून काढल्या. हजारावर लीळा आहेत आणि बहुतेक अगदी छोट्या, काही तर दोन-चार ओळींत संपतात. प्रसंग घडला, स्वामी काही बोलले, संपले. ज्याने पाहिले-ऐकले त्याच्या आठवणीत जेवढे अखंड राहिले तेवढीच एका लीळेची लांबी. पुढे मूळ प्रत धाडीत नष्ट झाली तेव्हा अनुयायांनी पाठांतरातून पुन्हा पाठ सिद्ध केले, असे महानुभाव परंपरा सांगते. लीळा लांबलचक असत्या तर हे जमले असते का, याची मला शंका आहे.

आता पत्रांकडे येतो. मराठी राज्यातल्या राजपत्रांमध्ये मजकुराची लांबी हा थेट राज्यकारभाराचा प्रश्न होता. पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटे. मजकूर संपला की खाली दुसरी लहान मुद्रा उमटे, तिला मोर्तब म्हणत. शिवकालीन पत्रांवरच्या मोर्तबाची अक्षरे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पाठच असतात : ‘मर्यादेयं विराजते’. ही मर्यादा शोभते आहे, म्हणजे लेखन इथे संपले. आपण आज सहज ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो तेव्हा या दोन मुद्रांची नावे एका दमात घेत असतो. एक मजकुराच्या आरंभाची, दुसरी अंताची.

यामागे केवळ शोभा नव्हती. वतन, इनाम, महसूल, किल्ल्यावरची नेमणूक यांची ही पत्रे. सहीच्या वर दोन ओळींची जागा मोकळी राहिली तर तिथे कुणी ‘आणि अमुक गाव’ एवढे चार शब्द जोडले की एका गावाचे उत्पन्न दुसऱ्याच्या घरात गेले. म्हणून शेवटच्या शब्दाला लागूनच मोर्तब. पत्र लांबले आणि कागदाला कागद चिकटवावा लागला तर त्या सांध्यावर मागच्या बाजूने पुन्हा मुद्रा. मजकूर किती आहे आणि कुठे संपतो याची ग्वाही मजकुराइतकीच मोलाची होती.

खासगी आणि दरबारी पत्रांच्या शेवटी येणारा तो ठरावीक सूरही वाचकांना ठाऊक असेल : बहुत काय लिहिणे, आपण सुज्ञ असा. आम्ही विद्यार्थी असताना मोडी कागद वाचायचो, तेव्हा हे वाक्य आले की हुश्श व्हायचे, पत्र संपले म्हणून! पण नीट पाहिले तर त्यात लांबीचा एक विचार आहे. लिहिणारा सांगतो, याहून अधिक लिहिता येईल, पण वाचणारा जाणता आहे, उरलेले तो समजून घेईल. सगळे लिहून टाकले तर त्याच्या जाणतेपणाचा अधिक्षेप झाला असता. शिवाय पत्र शत्रूच्या हाती लागले तर? मग ‘बाकी मजकूर जासूद मुखवचने सांगतील’ असा आधार घ्यायचा. अर्धे पत्र कागदावर, अर्धे माणसाच्या तोंडी.

छापखाना आल्यावर मर्यादेचे स्वरूप पालटले. बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले. तेव्हा ते जेमतेम विशीत होते. ‘दर्पण’ पहिले मराठी वृत्तपत्र म्हणून सर्वांना माहीत असते, पण ते द्वैभाषिक होते हे आपण विसरतो. पानाचे दोन रकाने, एकात इंग्रजी आणि शेजारी मराठी. आपल्या या अंकासारखे, फक्त आपण मराठी पुढे आणि इंग्रजी मागे छापतो, बाळशास्त्री दोन्ही भाषा एकमेकींच्या डोळ्यांसमोर ठेवत.

अशा मांडणीत संपादकाची काय तारांबळ होत असेल, याची कल्पना दोन भाषांत लिहिणाऱ्या कुणालाही यावी. पार्लमेंट, ज्यूरी, विमा, शेअर असल्या गोष्टींना मराठीत तयार शब्द नव्हते. इंग्रजीतला एक शब्द मराठीत समजावून सांगायला अर्धी ओळ लागणार. उलट पंचायत, वतनदारी, सोवळे-ओवळे यांपैकी एखादा शब्द इंग्रजी रकान्यात गेला की तिथे तो ओळभर पसरणार. ज्या भाषेत जी गोष्ट घरची, त्या भाषेत ती थोडक्यात सांगता येते. प्रत्येक भाषेत काही विषय आखूड असतात आणि काही लांब. आपल्या समितीने मराठीला हजार आणि इंग्रजीला बाराशे शब्द दिले त्यात हा विचार असेल असे वाटत नाही, पण विषयाप्रमाणे हे आकडे उलटसुलट व्हायला हवेत.

पुढच्या पन्नास वर्षांत मराठी गद्याने दोन अगदी वेगळी मापे पाहिली. पहिले माप लोकहितवादींचे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ साली, वयाच्या पंचविशीत, भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात त्यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहायला सुरुवात केली. १८५० पर्यंत १०८ पत्रे झाली. ‘शतपत्रे’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. एकेक पत्र छोटे, आजच्या पुस्तकात बहुतेक दोन-तीन पानांत आटोपते. एक पत्र, एक दुखणे. भटजींची घोकंपट्टी, विधवांचे हाल, आळस, इंग्रजांचे राज्य का आले, असे एकेक धरायचे, फटकारायचे आणि थांबायचे. वाचक रागावून पान उलटायच्या आत मुद्दा त्याच्यापर्यंत पोचलेला असे. पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचेच आहे, ही निश्चिंती साप्ताहिक लेखकाला असते. म्हणून एकाच लेखात सगळे कोंबण्याची त्यांना गरज पडली नाही.

दुसरे माप विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे. जानेवारी १८७४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक सुरू केले आणि सात वर्षांत त्याचे ८४ अंक काढले. जवळजवळ सगळा मजकूर एकहाती. पहिला निबंध मराठी भाषेच्या तेव्हाच्या स्थितीवर, शेवटचा देशाच्या स्थितीवर. निबंध एका अंकात मावला नाही तर पुढच्या अंकात चालू, तिथेही संपला नाही तर त्याच्या पुढच्या. डॉ. जॉन्सनवरचा किंवा मोरोपंतांच्या कवितेवरचा निबंध वाचायला वर्गणीदाराला महिनेच्या महिने धीर धरावा लागला. मासिक स्वतःचे, लेखक स्वतः, संपादकही स्वतः, मग अडवणार कोण? चिपळूणकरांनी लोकहितवादींचा ‘माले’त कडक समाचार घेतला हे प्रसिद्धच आहे, पण त्या वादात मला नेहमी दोन मापांची टक्करही दिसते. पंचविशीतल्या लोकहितवादींनी जे दोन पानांत घाव घालून सोडून दिले होते, त्याचा प्रतिवाद करायला चिपळूणकरांनी अंक खर्ची घातले.

माझे मत विचाराल तर विचारांच्या बाबतीत मी लोकहितवादींच्या बाजूचा आहे, लांबीच्या बाबतीत चिपळूणकरांचा ऋणी आहे. कारण त्यांनी मराठी वाक्याला लांब पल्ल्याची चाल दिली. एक मुद्दा मांडायचा, त्यावर प्रतिपक्ष काय म्हणेल ते स्वतःच मांडायचे, मग उत्तर द्यायचे, दाखला द्यायचा, थोडा उपहास करायचा, आणि एवढा वळसा घेऊनही वाचकाला मूळ रस्त्यावर आणून सोडायचे. एकतीस वर्षांचे आयुष्य मिळालेल्या माणसाने हे केले. १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याच्या अग्रलेखाची भाषा तयार होती, ती ‘निबंधमाले’त तयार झाली होती.

मात्र वर्गणी भरून महिनेच्या महिने वाट पाहणारा वाचक कोण होता? शिकलेला, पांढरपेशा, बहुतेक पुण्या-मुंबईचा. ज्याला अक्षरओळखच नाही त्याच्यासाठी लांबी कशी ठरवायची? हा प्रश्न त्याच काळात, त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांपुढे होता. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. पाच प्रकरणांचे हे पुस्तक त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, हडपसर अशा ठिकठिकाणी लोकांना वाचून दाखवले, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनाही ऐकवले. वाचून दाखवायच्या मजकुराला पाने नसतात, बैठक असते. दिवसभर राबून आलेला माणूस किती वेळ बसेल, कुठे हसेल, कुठे चुळबुळ करील, हे लेखकाला समोर दिसते. ‘असूडा’तली लांबच लांब वाक्ये डोळ्यांनी वाचताना धाप लागते, मोठ्याने वाचून पाहा, मग त्यांचा ठेका सापडतो. छापण्याची वेळ आली तेव्हा ‘दीनबंधू’ पत्रात पहिले दोन भाग आले आणि पुढचे संपादकांनी छापले नाहीत. ती काटछाट जागेसाठी नव्हती, भीतीपोटी होती. फुल्यांनी ते त्यांच्या पद्धतीने, म्हणजे नाव न घेता पण चांगलेच झोडपून, लिहून ठेवले आहे. जागा नाही हे कारण संपादकाला सदैव हाताशी असते. त्यामागे आणखी काय असते ते लेखकाला बरोबर कळते.

आपल्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्या माणसांना टिळकांच्या १९०८ च्या खटल्याची लांबी फार बोलकी वाटावी. खटला ‘केसरी’तल्या दोन लेखांवर होता, १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. दोन्ही मिळून काही रकान्यांचा मजकूर. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, आणि त्यांच्यापुढे होती मूळ मराठीची सरकारी इंग्रजी भाषांतरे. टिळकांचा एक मुख्य आक्षेप असा की भाषांतरांनी शब्दांची धार बदलली आहे. मग एकेक मराठी शब्द घेऊन त्याचा अर्थ, त्याचा वापर, इंग्रजीत त्याला योग्य शब्द कोणता, हे ते इंग्रजीतून समजावत राहिले. त्यांचे भाषण दिवसामागून दिवस चालले, एकूण एकवीस तास आणि वर दहा मिनिटे. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन अशा मताने ते दोषी ठरले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मराठी वाचकाला एका बैठकीत कळलेले लेख परक्या भाषेतल्या नऊ माणसांना समजावायला एकवीस तास लागले, आणि तेही पुरले नाहीत.

आणि मग मंडाले. तिथे ना रकाना, ना मंगळवारचा अंक, ना वाट पाहणारे खिळेजुळारी. १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत टिळकांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून काढले. गीता सातशे श्लोकांची, त्यावरचा हा ग्रंथ छापला गेला १९१५ मध्ये, आठशेहून अधिक पानांचा. वीस-पंचवीस वर्षे आठवड्याच्या मापात लिहिलेला संपादक माप सुटल्यावर कसा लिहितो, हे पाहायचे असेल तर अग्रलेख आणि ‘गीतारहस्य’ शेजारी ठेवून पाहावेत. वाक्याचा बांधा तोच. फक्त आता आक्षेप घेणाऱ्यांत शंकराचार्यांपासून पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांपर्यंत सगळे आले आहेत आणि प्रत्येकाला उत्तर मिळेपर्यंत प्रकरण संपत नाही.

डॉ. आंबेडकरांपुढची अडचण वेगळीच होती. जागा होती, ती भरायला माणसे नव्हती. ३ एप्रिल १९२७ पासून निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पाक्षिकाचे चोवीस-चोवीस रकाने आपल्याला एकट्याने भरावे लागतात, असे त्यांनी स्वतःच वाचकांपुढे मांडले आहे. पगारी सहसंपादक ठेवायला पैसा नव्हता, आणि वाचक गरीब म्हणून वर्गणी वाढवता येत नव्हती. दिवसा वकिली, शिकवणे, महाडचा सत्याग्रह, आणि रात्री हे रकाने. त्या अंकांतले दीर्घ अग्रलेख वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे. तरी त्यात पाणी घातलेले कुठे सापडत नाही.

त्याच सुमारास, १९२६ पासून, ‘रत्नाकर’ मासिकात ना. सी. फडके आपल्या ‘गुजगोष्टी’ लिहीत होते आणि तीन-चार पानांच्या लघुनिबंधाची मराठीत लाट आली. सुबक, हसरे, एका बैठकीचे लेखन. लाट ओसरली तेव्हा लक्षात आले की नुसता आटोपशीरपणा फार काळ पोसत नाही. असो. आपल्या दृष्टीने याआधीची एक घटना महत्त्वाची. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’च्या का. र. मित्रांनी पहिला दिवाळी अंक काढला. नेहमीच्या अंकापेक्षा जाड, चित्रांचा, सुटीत सवडीने वाचायचा. एरवी जागा न मिळणाऱ्या लांब मजकुराला वर्षातून एकदा हक्काची जागा मिळाली. दीर्घकथा, व्यक्तिचित्रे, मोठे वैचारिक लेख यांनी पुढची कित्येक दशके या अंकांतच बस्तान मांडले. दिवाळी अंक ही मराठी लेखनाला लांबीची सवलत देणारी संस्था आहे आणि आपला अंक त्याच घराण्यातला.

लांबी सरकारने ठरवू पाहिली तो प्रसंग स्वातंत्र्यानंतरचा आणि तोही मराठीच्या अंगणातला. वृत्तपत्रांच्या किमती आणि पाने यांची सांगड घालणारा कायदा संसदेत १९५६ मध्ये झाला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश निघाला. इतक्या किमतीत जास्तीत जास्त इतकी पाने, पुरवण्या काढायच्या त्याही परवानगीने. हेतू वाईट नव्हता. बड्या भांडवलाची वृत्तपत्रे स्वस्तात भरपूर पाने देऊन लहानांना चिरडतात, तेव्हा लहानांना वाव मिळावा असा युक्तिवाद होता. पुण्याचा ‘सकाळ’ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘सकाळ’ १९३२ मध्ये काढणारे डॉ. ना. भि. परुळेकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, म्हणजे आपल्या इकडच्या पाण्याचीही चव घेतलेले. ‘सकाळ’ची तेव्हाची किंमत ७ नवे पैसे. आदेश पाळायचा तर एक तर पाने कमी करायची, नाही तर किंमत वाढवायची आणि पैशा-पैशाचा हिशेब करणारा वाचक गमवायचा.

या खटल्यात काही वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले होते, हे मला फार मोलाचे वाटते. आम्हाला किती वाचायला मिळावे हे सरकारने का ठरवावे, असे म्हणत साधा वर्गणीदार दिल्लीच्या दारात गेला! सप्टेंबर १९६१ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, तो लिहिला न्या. मुधोळकरांनी. काय म्हणावे याचेच नव्हे, तर किती म्हणावे आणि किती लोकांपर्यंत पोचवावे याचेही स्वातंत्र्य भाषणस्वातंत्र्यात येते, आणि व्यापारातली गैरस्पर्धा रोखण्यासाठी त्यावर गदा आणता येणार नाही, असा त्याचा आशय. आदेश रद्द झाला. भारतातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना ‘सकाळ’ खटला शिकावा लागतो. पानांची संख्या हा मूलभूत हक्काचा प्रश्न होऊ शकतो, हे एका मराठी दैनिकामुळे ठरले.

आता आपल्याकडे, या समुद्रापलीकडच्या मराठीकडे वळतो. गेली काही वर्षे आपल्या अंकाचा मराठी विभाग बारीक होत चालला आहे, आणि त्यातले लेखही. मुले मराठी वाचत नाहीत, मोठ्यांना वेळ नाही, छपाई महाग, ही कारणे खरी आहेत. समितीतली मंडळी नोकऱ्या सांभाळून हे काम करतात, त्यांच्यावर टीका करण्याचा माझा इरादा नाही. पण अंकाची अनुक्रमणिका पाहा. मराठीत मनोगत, पाककृती, सहलीचे वर्णन, दोन कविता, श्रद्धांजली. इंग्रजीत मात्र वृद्ध पालकांच्या देखभालीवर, मुलांच्या मानसिक ताणावर, इथल्या आपल्या नागरिकत्वावर नीट मांडणी केलेले, आकडे आणि प्रतिवाद असलेले लेख. चिपळूणकरांनी ज्या कामासाठी मराठीत महिनेच्या महिने जागा घेतली ते काम आपण इंग्रजीकडे सोपवून मोकळे झालो आहोत. वृद्ध पालकांचा प्रश्न इंग्रजीत मांडला तर ते पालक, ज्यांच्याविषयी तो आहे, त्यांच्यातल्या कित्येकांना तो लेख वाचताच येत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. लहान लेखांची मर्यादा राहू द्या, हजाराची आठशे केली तरी चालेल. लोकहितवादींना दोन-तीन पाने पुरली, पाककृतीला हजार शब्द खचितच लागत नाहीत. त्यातून वाचलेली पाने एका मराठी लेखाला द्या. दर अंकात एकच लेख, कुठल्या तरी खऱ्या प्रश्नावर, चार-पाच हजार शब्दांचा, आणि त्या लेखकाला जानेवारीतच सांगा म्हणजे तो घाईत लिहिणार नाही. तो लेख वाचनाच्या बैठकीत मोठ्याने वाचून घ्या. फुल्यांनी तेच केले, आणि ज्यांना देवनागरी वाचायला जड जाते अशी आपली मुलेही ऐकून पुष्कळ समजतात.

दुसरी सूचना कागदांची आहे. १९६०-७० च्या दशकांत इकडे आलेल्या आमच्या पिढीने घरी जे लिहिले आणि घरून जे आले ते बहुतांशी एरोग्रामवर. निळसर पातळ कागद, तीन घड्या, डिंकाची कड, आत काही घालायला मनाई. फोन परवडत नसे, परवडला तरी तीन मिनिटांचा. त्यामुळे मुलाचे बारसे, भावाच्या नोकरीची खटपट, वडिलांचे आजारपण, घराची वाटणी, सगळे त्या एका कागदात बसवायचे. अक्षर आरंभी ऐसपैस आणि खाली येता येता मुंगीएवढे. शेवटी कडेच्या पट्टीवर, कागद आडवा धरून लिहिलेला आईचा मजकूर, आणि घडीच्या पाकळीवर धाकट्या बहिणीच्या दोन ओळी. कागद संपला म्हणून पत्र संपले. बहुत काय लिहिणे!

हे गठ्ठे अनेकांच्या तळघरांत पडून आहेत आणि घरे लहान करताना टाकून दिले जात आहेत. परदेशी मराठी माणसाच्या पहिल्या पिढीचे दफ्तर म्हणायचे तर ते हेच. मंडळाने ते स्कॅन करून ठेवावे, मी वाचून यादी करायला तयार आहे. स्कॅन करताना एवढे पाहा : कागद पूर्ण उलगडा, दोन्ही बाजू घ्या आणि चारही कडा चौकटीत येऊ द्या, कारण कामाचा मजकूर बहुधा कडेला असतो. तिकिटे जमवणाऱ्या मुलांनी काही एरोग्रामचा तिकिटाचा कोपरा कापून घेतलेला आढळेल. तिथे मागच्या ओळीही गेलेल्या असतात. तो कापलेला तुकडा जुन्या स्टँप अल्बममध्ये सापडला तर कृपया त्याच पत्राबरोबर पाठवा.